शनिवारचं मौन

शनिवारी सकाळी सटवाजींना कुणी बोलायला लावत नसे. पोखर्णीच्या नरसिंहाचं दर्शन होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा त्यांचा नेम. एरवी माणूस भारी बोलघेवडा, मेंढरांशीसुद्धा गप्पा हाणणारा. त्यांना दादा म्हणणाऱ्या त्यांच्या पोरीनं, राजेश्रीनं, भाषेचाच अभ्यास धरला यात नवल ते काय! अर्धांगवायूनं वाचा गेलेल्यांची भाषा मेंदूत कुठं अडकून बसते, यावर ती पुण्यात संशोधन करत होती. नवखी होती, पण कामात जीव ओतायची.

गेल्या वर्षी अशाच एका शनिवारी तिनं घरी फोन केला. आई, बायनाबाई, करवादली होती. 'तुज्या दादाच्या हातून चहाचा कप पडला. इचारलं तर बोलत न्हाईत. बसलेत नुस्ते.'

'माय, आज शनिवार हाय ना!' राजेश्री हसली. 'देवाला जाऊन येऊ दे, मग बघ कसे कान किटवतेत.'

'आगं हाव की,' म्हणत मायही हसली.

दुपार कलली तरी दादा देवाला उठेनात, तेव्हा माय घाबरली. गाडी करून परभणीला नेईस्तोवर मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायच्या औषधाची वेळ टळून गेली होती. हातातली वस्तू पडणं, एकाएकी वाचा बसणं, हीच अर्धांगवायूची लक्षणं राजेश्री सुट्टीत आली की गावच्या आशा सेविकांना घोकून घोकून सांगायची. आणि स्वतःच्या बापाच्या वेळी हसून फोन ठेवला! हे दुःख सांगायचं तरी कुणाला?

दादांजवळ एकच शब्द उरला, 'बाई'. लेकीला ते लाडानं तसं म्हणत. आता पाणीही बाई, भाकरही बाई, मेंढरंही बाई. राजेश्रीनं कामच पुण्याहून परभणीला आणलं आणि ती गावी घरीच राहू लागली. रोज चित्रांची कार्डं घेऊन ती त्यांच्यासमोर बसे. आणखी एक शब्द, फक्त एक, एवढीच तिची आस. दादा घामाघूम होत, ओठ हलवत, आणि रडवेले होऊन म्हणत, 'बाई.'

एका सकाळी तिनं मेंढीचं चित्र पुढं धरलं. दादा गप्प. ओठसुद्धा हलेनात.

'माय, गाडी बोलव! लवकर! दादाला परत झटका आला!'

दादांनी धडक्या डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. मान हलवली. मग बोट ओठांवर ठेवून पोखर्णीच्या वाटेकडं दाखवलं.

शनिवार होता. दुखण्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी नेम धरला होता.

मायनं पदर डोळ्यांना लावला. 'येकच शबूद उरलाय गं त्यांच्यापाशी. त्यो बी देवाला ठिवायलेत.'

राजेश्रीनं कार्डं गोळा केली. दादांना देवाला नेलं, आणि दर्शन झाल्यापासून घरी येईपर्यंत त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, तो एक शब्द परत येतोय की नाही म्हणून.