मशीन एक, पगार दोन

"मशीन सोड. झाडू घे."

सुपरवायझरने एवढंच सांगितलं. डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात मी मोल्डिंग मशीनवर होते. साच्यातून प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं काढायची. दिवसपाळीला मी, रात्रपाळीला त्याच मशीनवर माझा धाकटा दीर. त्याला कामाला मीच लावलेलं, शिकवलेलंही मीच. तो ऑपरेटर. मी कागदावर हेल्पर. पगार त्याचा जास्त.

लेबर ऑफिसचे साहेब तपासणीला यायचे होते. साहेब आले की बायकांना मशीनवरून उठवायचं, ही तिथली रीतच. रात्रपाळीच्या पुरुषांना झोपेतून उठवून आणायचे आणि आमच्या जागी उभं करायचे.

साहेब आले. दिराला दोन प्रश्न विचारले. त्याने माझ्याकडे न बघता उत्तरं दिली. मग साहेबांनी माझ्या पायाकडे बोट दाखवलं. "बाई, इथे राहिलंय."

मी वाकले. माझ्याच मशीनचा कचरा झाडला. चोरी त्यांची, मान माझी खाली. अंगाची आग आग झाली.

साहेब गेल्यावर सुपरवायझरला गाठलं. म्हटलं, "काम सारखं आहे, पगारही सारखा द्या. कायदा आहे तसा."

तो हसला. "सारखा पाहिजे ना? करतो की. तुझ्या दिराचा तुझ्याएवढा करतो. जा, घरी सांग."

मी परत मशीनवर गेले. दिवा स्टेशनजवळच्या आमच्या खोलीचं भाडं दिराच्या पगारातून जायचं. नवरा कमरेच्या ऑपरेशनपासून घरीच. मी घरी सांगितलं नाही, तरी सासूच्या कानावर गेलंच. ती म्हणाली, "दिराच्या ताटातलं खेचतेस होय गं?"

दीर शेजारी जेवत होता. मी म्हटलं, "भावजी, बोला की काहीतरी."

"वहिनी, माझं लग्न जमतंय. आत्ता नका ना टेन्शन देऊ."

संपलं. कारखान्यात तोंड उघडावं तर घर आडवं येणार. घरात उघडावं तर सगळे दिराच्या लग्नाकडे बोट दाखवणार. नोकरी सोडावी, तर खायचं काय? रोज सकाळी गेटमधून आत जाताना मला स्वतःची चीड यायची. तपासणी आली की झाडू घ्यायचे. गेली की परत मशीन. किती वेळा, ते मोजलं नाही.

मग एकदा ठाकुर्लीच्या एका वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बाईचा पगार वाढवायचा म्हणून पुरुषाचा कापता येत नाही. हेही कायद्यातच आहे."

म्हणजे सुपरवायझर खोटं बोललेला. त्या एका खोट्यावर मला इतके महिने दावणीला बांधलेलं. आणि मी बांधून घेतलेलं.

पुढच्या तपासणीला दीर मागे येऊन उभा राहिला. "वहिनी, सरका."

"नाही सरकत."

सुपरवायझरने झाडू पुढे केला. मी घेतला नाही. झाकणं काढत राहिले.

साहेब जवळ आले. "तुम्ही इथे काय करता?"

"मशीन चालवते. काम ऑपरेटरचं, पगार हेल्परचा."

"साहेब, हिला आजच उभं केलंय," सुपरवायझर मध्येच म्हणाला.

साहेबांनी मला विचारलं, "लेखी द्याल?"

बाकीच्या बायका झाडू धरून खाली बघत होत्या. दीर डोळ्यांनीच विनवत होता. मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.

"देते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मला गेटवरच अडवलं. अजून आत घेतलेलं नाही. सासू माझ्याशी बोलत नाही. नवरा म्हणतो, मिटव. ठाण्याला सुनावणी आहे आणि दीर मालकाच्या बाजूने साक्ष देणार आहे, की वहिनी फक्त झाडायची. हे त्यानेच मला सांगितलं, रडत रडत. मलाही रडू आलं. पण तक्रार मागे घेते असं मी म्हटलं नाही.

तो समोर उभा असेल. त्याच्या तोंडावर मी सांगणार आहे, हा खोटं बोलतोय, याला मशीन मी शिकवलं. त्याचा एक रुपया कापू नका, हेही सांगणार. आणि माझा पगार त्याच्याएवढाच मागणार. त्यानंतर घराचं दार माझ्यासाठी बंद झालं, तरी मागणार.