डॉक्टर रेनिकच्या दोन ओळी

डॉक्टर कॅलम रेनिकने दवाखान्याच्या वेबसाइटवर स्वतःबद्दल दोनच ओळी लिहिल्या, आणि दोन्ही थापा. ‘छंद: कर्लिंग. पुढचा बेत: खेड्यातच कायमची प्रॅक्टिस.’ कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या आमच्या गावात नोकरी हवी, तर माणसाने दुसरं लिहायचं तरी काय! खरा छंद म्हणजे जुनी घड्याळं खोलून पुन्हा जोडणं, आणि डोळा शहरातल्या तातडीच्या उपचारांच्या शिक्षणावर.

गावाने ते वाचलं आणि तिसऱ्याच दिवशी त्याच्या हातात झाडू दिला. कर्लिंग म्हणजे एकाने बर्फावरून जड दगड आखलेल्या वर्तुळाकडे सरकवायचा, दुसऱ्याने त्याच्यापुढे बर्फ घासत पळायचं. डॉक्टर पहिल्याच संध्याकाळी तीनदा आपटला.

‘‘छंद नक्की कसला हो डॉक्टर, पडण्याचा?’’ व्हर्ना ह्रिंचुकने विचारलं. सत्तरीची निवृत्त मास्तरीण, समोरच्या संघाची कप्तान आणि त्याचीच रक्तदाबाची पेशंट.

दोन हिवाळे गेले. डॉक्टर घासायला शिकला. मग शहरातून पत्र आलं: जागा मिळाली, जुलैत हजर व्हा. ते खिशात घालून तो तीन आठवडे हिंडला. सांगणं जिवावर आलं होतं. आधीचे तीन डॉक्टर असेच गेलेले, आणि इकडे लोक पेरोगीचे, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचे, डबे भरभरून आणून देतायत.

व्हर्नाच्या संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात शेवटच्या दगडापुढे घासताना त्याचा झाडू दगडाला निसटता लागला. कुणी पाहिलं नाही. दगड नेमका मधोमध थांबला, लोक ओरडले. पण या खेळात पंचाची वाट बघत नाहीत. ज्याचा झाडू लागला त्यानेच सांगायचं. डॉक्टरने हात वर केला. ‘‘माझा झाडू लागला.’’

दगड बाद, सामना गेला.

जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पाजायची, ही इथली रीत. व्हर्नाने बिअरचा ग्लास पुढे सरकवला.

‘‘दगडाचं कबूल केलंत. आता दुसरं करा.’’

‘‘दुसरं कुठलं?’’

‘‘तीन आठवडे माझा रक्तदाब बघताना नजर चुकवताय. चाळीस वर्षं वर्गात पोरं हाकलीयत मी.’’

डॉक्टरने एक घोट घेतला. ‘‘जुलैत जातोय.’’

‘‘परत येणार?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘बरं झालं. ‘येतो’ म्हणाला असतात, तर ग्लास काढून घेतला असता.’’

दुसऱ्या दिवशी वेबसाइटवरच्या ओळी बदलल्या. ‘छंद: घड्याळं, कर्लिंग शिकतोय. पुढचा बेत: जूनअखेर इथे, मग शहरात शिक्षण. त्यापुढचं ठरलेलं नाही.’

सोमवारी दवाखान्यात पेरोगीचे डबे आले नाहीत. बंद पडलेली पाच घड्याळं मात्र आली. व्हर्नाच्या घड्याळाला चिठ्ठी होती: ‘जूनअखेरच्या आत.’