पाणबुड्यांची फिलूताई

बातमी आली ती ऐन भांडणात. आमच्या बेसबॉल संघाच्या चाहत्यांचा जो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर येत्या हंगामात नवा कॅचर कोण घ्यावा यावरून सकाळपासून जुंपली होती. मी बहारीनमधल्या हिद्दच्या प्लांटमध्ये कंट्रोल रूमच्या बाहेर चहा घेत उभा होतो. फिलूताईंच्या नंबरवरून मेसेज आलेला दिसला तेव्हा वाटलं, आता आपली खरडपट्टी निघणार. त्या रजेवर वसईला गेल्या होत्या आणि मी सुचवलेल्या नावावर आदल्या दिवसापासून गप्प होत्या. त्यांचं गप्प बसणं कधीच बरं नसे... मेसेज उघडला तर इंग्रजीत होता. ‘धिस इज रेनी. मम्मा पास्ड अवे इन हर स्लीप. प्लीज प्रे फॉर हर.’ रेनी म्हणजे त्यांची मुलगी. ग्रुपवरचं भांडण तिथेच थांबलं. मग युसुफने, आमच्या क्लबच्या बहारिनी मॅनेजरने, देवाची दया तिच्यावर असो अशा अर्थाची एक अरबी ओळ लिहिली आणि त्याखाली एकेक माणूस येऊ लागला. मराठी, मल्याळी, फिलिपिनो, बहारिनी... मी फोन खिशात ठेवला आणि आत जाऊन मीटरकडे बघत राहिलो. काय वाचलं ते आठवत नाही.

आता काही आठवडे लोटले आहेत. वसईतल्या एका केळीच्या वाडीतली मुलगी बहारीनमध्ये येऊन एका व्यावसायिक बेसबॉल संघाचं नशीब कसं बदलते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ते लिहून ठेवलं पाहिजे असं वाटतं. फिलोमिना हे त्यांचं नाव. आम्ही सगळे त्यांना फिलूताई म्हणायचो. इथल्या एका हॉस्पिटलमध्ये त्या ऑपरेशन थिएटरच्या हेड नर्स होत्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि रेनीबरोबर बुसैतीन भागात एका जुन्या इमारतीत राहत होत्या. तरुणपणी त्या राज्याच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघात होत्या, कॅचर. म्हणजे बॅट घेतलेल्या खेळाडूच्या मागे उकिडवी बसून प्रत्येक चेंडू झेलणारी. क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखं काम, पण जबाबदारी जास्त. लग्न झालं, नर्सिंग झालं, बहारीनचा व्हिसा आला आणि तो खेळ मागे राहिला तो राहिलाच.

आखातात सहा संघांची एक छोटी व्यावसायिक बेसबॉल लीग सुरू झाली आणि मुहर्रक बेटाला एक संघ मिळाला, तेव्हा आम्हाला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी पुण्याचा, क्रिकेटवर पोसलेला. ऑफिसमध्ये फुकट पास वाटले म्हणून गेलो. पूर्वी या बेटावरचे लोक मोत्यांसाठी समुद्रात बुडी मारत, त्यावरून संघाचं नाव इंग्रजीत ‘डायव्हर्स’. आम्ही मराठी मंडळी त्यांना पाणबुडे म्हणू लागलो, आणि ते नाव फारच खरं ठरलं, कारण संघ दर सामन्यात बुडायचा. त्या पहिल्याच संध्याकाळी माझ्या पुढच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. सगळे चेंडूकडे बघत होते आणि या मात्र भलतीकडेच. मी न राहवून विचारलं. ‘‘चेंडू कुठे गेला ते सगळ्यांना दिसतं,’’ त्या मागे न वळता म्हणाल्या, ‘‘बाकीचे आठजण तेव्हा काय करत असतात ते बघा. आपले नुसते उभे आहेत.’’ मराठी ऐकून मी चाट पडलो. मी मराठी हे कसं ओळखलंत, असं विचारलं तर म्हणाल्या, ‘‘मघापासून पुण्याच्या मराठीत अंपायरला शिव्या घालताय की.’’

तिथून आमची शनिवारची बैठक सुरू झाली. सुट्टीचा दिवस, सकाळी त्यांच्या घरी आखाती पद्धतीचा दाट करक चहा, वसईहून आलेली सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, आणि वाद. संघ कसा सावरायचा, कोणाला काढायचं, कोणाला आणायचं. मी, दोन-चार मराठी, एक-दोन फिलिपिनो नर्सेस, आणि पुढे पुढे युसुफसुद्धा येऊ लागला. क्लबचा मॅनेजर चाहत्यांच्या घरी येऊन जमिनीवर बसतो हे दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही. पण तो येत असे कारण त्याला दुसरं कोणी ऐकून घेणारं नव्हतं. पहिले दोन हंगाम आम्ही तळाला राहिलो. दुसऱ्या हंगामानंतर मालकाने सांगितलं की पुढच्या वर्षीही असंच झालं तर संघ बहारीनमधून हलवणार, दुसऱ्या शहरात नेणार. त्या शनिवारी युसुफ आला, चप्पल काढली आणि हिंदीत म्हणाला, ‘‘बोलो. एक साल है. उसके बाद खलास.’’

माझं मत ठरलेलं होतं. आहे तो पैसा एकत्र करून परदेशातून अजून एक तगडा फटकेबाज आणायचा आणि रामोनच्या जोडीला उभा करायचा. रामोन हा आमचा हिरो. पलीकडच्या गोलार्धातून आलेला, चाळिशीला टेकलेला, अंगाने दांडगा, आणि चेंडू असा मारायचा की पार्किंगमधल्या गाड्यांचे अलार्म वाजायचे. पोरं त्याच्या नंबरचे शर्ट घालून हिंडायची. रेनीसुद्धा. बहुतेकांचं माझ्यासारखंच मत होतं. फिलूताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘रामोनला जाऊ द्या.’’

खोलीत जे झालं ते सांगायला नको. रेनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘‘मम्मा, यू कान्ट बी सीरियस.’’ फिलूताई शांतपणे बोलत राहिल्या. संघाचा निम्मा पैसा एका माणसावर जातो. तो फटका मारतो, पण मैदानात त्याला धावता येत नाही, त्याच्या बाजूने रोज धावा जातात, आणि त्याच्या फटक्यांची वाट बघत बाकीचे खेळायचं विसरलेत. तो पैसा चेंडू टाकणाऱ्या तरुण मुलांवर आणि त्यांना शिकवणाऱ्या एका चांगल्या माणसावर घाला. ‘‘आणि मैदानात धावायला कोण?’’ मी विचारलं. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘शुक्रवारी सकाळी या बेटावरच्या प्रत्येक मोकळ्या जागेत आपली माणसं क्रिकेट खेळतात. त्यांच्यात बाउंड्रीवरून स्टंपात चेंडू फेकणारे किती आहेत, कधी मोजलेत?’’

युसुफने मालकाला दोन्ही योजना सांगितल्या. मालकाने ताईंची उचलली, कदाचित ती स्वस्त पडत होती म्हणूनही असेल. रामोनचा करार संपवला गेला आणि ती कल्पना कोणाची हे गावभर झालं. ग्रुपवर लोकांनी ताईंना नको नको ते लिहिलं. चर्चमध्ये ओळखीची माणसं नजर चुकवून जायला लागली. हसण्यासारखं वाटेल, पण परक्या मुलखात माणसाचा गोतावळा तो केवढा... त्यातून चार माणसं तुटली की घर रिकामं वाटतं. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. मला म्हणाल्या, ‘‘अविनाश, तुम्ही गाडी काढा. रामोन जायच्या आधी त्याला भेटायचंय.’’ जनाबिया भागात, परदेशी लोकांच्या बंगल्यांच्या एका कंपाउंडमध्ये तो राहत होता. सामानाच्या खोक्यांमध्ये आम्ही उभे राहिलो आणि फिलूताईंनी त्याला इंग्रजीत सरळ सांगितलं की, तुला काढा असं सांगणारी मी. तुझा खेळ मला फार आवडतो, तरी मी ते सांगितलं. रामोनने आपल्या गुडघ्यावर थाप मारली आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाला, ‘‘याने मला तुमच्या आधीच सांगितलं होतं.’’ त्याने आम्हाला कॉफी पाजली. परतताना ताई खिडकीबाहेर बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, ‘‘भला माणूस आहे.’’

त्यानंतरचे शुक्रवार मी आयुष्यात विसरणार नाही. चर्चमधली पहाटेची मिस्सा आटोपून त्या थेट हिद्दच्या रिकाम्या प्लॉटवर यायच्या, डोक्यावर हॅट, हातात रेनीने ऑनलाइन मागवलेला कॅचरचा ग्लोव्ह. कामगारांच्या क्रिकेट सामन्यांमध्ये एका कडेला उभ्या राहायच्या. तिथे त्यांना जावेद सापडला. रत्नागिरीचा, बंदराजवळच्या एका गोदामात सुपरवायझर. सीमारेषेवरून त्याने फेकलेला चेंडू जमिनीला समांतर येऊन स्टंप घेऊन गेला आणि फिलूताई सामना चालू असताना मैदानात शिरल्या. जावेदला वाटलं, कोणाची तरी आई चिडून आली आहे.

‘‘बेसबॉल खेळशील?’’

‘‘मॅडम, मला त्यातलं एकच माहीत आहे. बॅट गोल असते.’’

‘‘बॅट राहू दे. मी तिथे बसते, तू इथून फेक.’’

आणि त्या बसल्या. साठीकडे झुकलेली बाई, वाळूत उकिडवी बसून ग्लोव्ह पुढे करून. जावेद घाबरला, हळू फेकला. ‘‘आजारी आहेस का?’’ त्या ओरडल्या. दुसरा त्याने खरा फेकला. ग्लोव्हमध्ये असा आवाज झाला की दोन्ही संघ थांबून बघायला लागले. त्यांनी चेंडू परत फेकला आणि अजून मागितला, आणि अजून... शेवटी उठायची वेळ आली तेव्हा गुडघे उघडेनात. मी एका बाजूने, जावेद दुसऱ्या बाजूने धरून त्यांना उभं केलं. घामाने डबडबलेला चेहरा, ग्लोव्हमधला हात लाल झालेला, आणि त्या हसत होत्या. राज्याच्या संघात खेळणारी मुलगी कशी दिसत असेल ते मला त्या सकाळी दिसलं.

जावेदसारखे आणखी काहीजण मिळाले, युसुफने त्यांची चाचणी घेतली, कंपन्यांशी बोलून शिफ्ट बदलून घेतल्या. हंगाम सुरू झाला आणि आम्ही पहिले सामने ओळीने हरलो. ‘रामोन परत आणा’ असे फलक लागले. त्या हंगामात शनिवारच्या बैठकीला कधी कधी मी आणि ताई दोघंच असायचो. मी म्हणायचो, ताई, जमत नाहीये. त्या म्हणायच्या, ‘‘आज किती धावांनी हरलो? मागच्या वर्षीच्या निम्म्या. बसा, चहा घ्या.’’ मग एक सामना जिंकला. मग लागोपाठ दोन. चेंडू टाकणारी मुलं सुधारली, मैदानात कोणी नुसतं उभं राहीना. हंगाम संपला तेव्हा आम्ही चौथे होतो. मालकाने संघ बहारीनमध्येच राहील असं जाहीर केलं, आणि तुटलेली माणसं सुकेळी खायला परत येऊ लागली. ताईंनी कोणाला काही विचारलं नाही, नुसते कप वाढवले.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे गेल्या हंगामात, पाणबुडे अंतिम सामन्याला पोहोचले.

मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाली, मैदानाचे दिवे लागले. समोरच्या संघात रामोन होता. त्यांनी त्याला खास मोक्याच्या वेळी फटका मारायला ठेवलेला. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे, पण त्यांच्या अजून दोघांना बाद करायचं होतं. त्यांचा एक धावपटू तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे ‘घर’ म्हणतात त्या शेवटच्या, धाव मिळवून देणाऱ्या टप्प्याच्या अलीकडे, आणि बॅट घेऊन रामोन आला. मी डोळे मिटून घेतले. ताईंनी माझ्या हातावर चापट मारली. ‘‘बघा.’’

रामोनने मारला. उंच, खोल, उजव्या टोकाला. आवाजावरूनच गेला असं वाटलं. जावेद मागे मागे पळत गेला, कुंपणाला पाठ लावून त्याने तो झेलला. रामोन बाद. पण झेल झाला की तिसऱ्या टप्प्यावरच्या माणसाला घराकडे धावायची मुभा असते, आणि तो सुटला. बरोबरी होणार, असं सगळ्या मैदानाने धरलं. जावेदने कुंपणापासून चेंडू फेकला. तो तसाच आला, हिद्दच्या वाळूवर यायचा तसा, जमिनीला समांतर, कोणाच्याही हाताला न लागता थेट कॅचरच्या ग्लोव्हमध्ये, आणि घसरत येणाऱ्या धावपटूच्या पायाला ग्लोव्ह टेकला. आपल्या भाषेत, रनआउट. अंपायरची मूठ वर गेली.

पुढचं सगळं एकात एक मिसळलं आहे. युसुफ कुंपणावर चढून ‘‘यल्ला, यल्ला’’ करत होता, मल्याळी नर्सेसनी ढोल आणला होता, एक बहारिनी आजोबा माझ्या गळ्यात पडून रडत होते. जावेद धावत थेट आमच्या कठड्यापाशी आला, त्याने चेंडू फिलूताईंच्या हातात दिला आणि खाली वाकला. त्या गर्दीच्या मागे रामोन एकटा उभा होता. त्याने टोपी काढली आणि ताईंच्या दिशेने धरली. तेव्हा मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चेंडू रेनीकडे दिला आणि दोन्ही हात वर करून त्याच्यासाठी टाळ्या वाजवू लागल्या. एकट्याच, मग आम्ही सगळे. हरलेल्या संघातल्या त्या माणसासाठी अख्खं मैदान उभं राहिलं.

दोन महिन्यांनी त्या रजेवर वसईला गेल्या आणि तिथेच, झोपेत, त्यांचं हृदय थांबलं. तिथल्याच चर्चच्या आवारात त्यांना ठेवलं. आमच्यातलं कोणी वेळेवर पोहोचू शकलं नाही.

रेनी परत आली आणि तिने ग्रुपवर लिहिलं की शनिवारी नेहमीच्या वेळेला या. आम्ही गेलो ते अवघडलेलेच. कोणीतरी हळूच म्हणालं की कॅचरबद्दल ताईंची इच्छा काय होती ते आठवून तसंच करू या, तीच खरी श्रद्धांजली. रेनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो टेबलावर ठेवला.

‘‘नो. नोबडी टेल्स मी व्हॉट मम्मा वुड हॅव वॉन्टेड. टेल मी व्हॉट यू थिंक. शी लाइक्ड अ गुड फाइट.’’

आधी जावेदने तोंड उघडलं. मी सुचवलेला कॅचर कसा कुचकामाचा आहे हे तो सांगू लागला. मी त्याला मध्येच तोडलं. युसुफ दोघांनाही तोडायला लागला, फिलिपिनो नर्सने फोनवर कोणाचा तरी व्हिडिओ लावला, रेनी वाकून तो बघताना चहा सांडला आणि तो कोणी पुसलाही नाही. आवाज इतका वाढला की शेजाऱ्यांनी भिंतीवर ठोकलं. मग माझ्या लक्षात आलं की बाल्कनीजवळच्या, ताईंच्या खुर्चीत जावेद बसला आहे. जागा रिकामी दिसली म्हणून बसला असेल. हातवारे करून तो माझं म्हणणं खोडून काढत होता. त्याला कोणी उठवलं नाही. मतदान झालं, आणि माझा कॅचर पडला.