पन्नास किलोमीटरनंतर परत ये

खडू कानामागे. कधी दोन्ही कानांमागे एकेक.

कॉफीत तीन चमचे साखर, पण ढवळायची नाही. "तळाशी काहीतरी गोड असावं," म्हणायचा.

रस्त्यात उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीच्या टायरमध्ये अंगठ्याचं नख रुतवून बघायचं. एकदा एका अंत्ययात्रेत शववाहिकेच्या टायरलाही त्याने नख लावलं आणि ड्रायव्हरला हळूच सांगितलं, "मागचे बदला. तुमच्या गिऱ्हाइकाला घाई नसेल, पण तुम्हाला घरी जायचंय."

टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचून त्याचं वय जाहीर करायचं. "बारावा आठवडा. मार्चचं बाळ."

गिऱ्हाइकांना नावाने नव्हे, टायरच्या मापाने ओळखायचं. "दोनशे पाचच्या मुलीचं लग्न ठरलं," असं तो बायकोला सांगायचा आणि तिला बरोबर कळायचं.

बोल्ट आवळताना बोलायचं नाही. बोल्ट पुरेसा आवळला गेला की हातातला मापाचा पान्हा 'टक्' म्हणायचा, मग श्वास सोडायचा.

हे सगळं लिहून काढतोय, कारण दुसरं काही सुचत नाही. वेंडेलिन क्राट्झ ईस्टरच्या आदल्या दिवशी गेला. त्याला बासष्टावं चालू होतं. जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरात, आमच्या गावाच्या टोकाला, चुनखडीच्या खाणीकडे वळणाऱ्या रस्त्यावर त्याचं टायरचं दुकान होतं. मी सेव्हेरिन. गावच्या शाळेत साहित्य शिकवतो. आमची ओळख चार वर्षांची. त्याच्या दुकानापुढून मी आता पायी जात नाही, वळसा घालतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा नुकतीच एक जुनी सेडान घेतली होती. चंदेरी, बुटकी, भरधाव जाणारी. माझा पहिल्या वर्षाचा सगळा पगार तिच्यात गेला होता. टायर मात्र गुळगुळीत झाले होते.

"कसले टायर हवेत?" वेंडेलिनने विचारलं.

"रुंद. अगदी चपटे. म्हणजे, जरा दिसायला..."

"गाडी उभी करून ठेवायचीय?"

"नाही, चालवायचीय."

"मग दिसण्याची काळजी बाहेरच्यांना करू द्या. तुम्ही आत बसणार. रोज कुठे जाता?"

"शाळेत. शिकवतो. साहित्य."

त्याने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग ऑफिसच्या दिशेने हाक मारली, "रोस्विता, बाहेर ये गं. कविराज आलेत. शर्यतीची गाडी घेऊन."

त्याची बायको दारात आली. आखूड पांढरे केस, नाकावर चष्मा. तिने गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाली, "गाडी चांगली आहे. आता माणूस कसा निघतो बघू."

वेंडेलिनचे तीन प्रश्न ठरलेले होते. कुठे जाता? पावसात किती चालवता? आणि ही गाडी अजून किती वर्षं ठेवणार? खरा प्रश्न तिसरा. अशा गाडीला दोन तऱ्हेचे टायर बसतात. मऊ रबराचा टायर वळणावर रस्ता घट्ट धरतो, पण दोन उन्हाळ्यांत झिजतो. कडक रबराचा पाच-सहा उन्हाळे निघतो, पण गाडीचा जीव जातो. "मऊ टायर रस्त्याशी बोलतो," वेंडेलिन म्हणायचा, "कडक टायर बँकेशी."

मी म्हटलं, "दोन-तीन वर्षं ठेवीन." दोन मिनिटांत त्याने टायर निवडले. मऊ, आणि मला हवे होते त्यापेक्षा बोटभर अरुंद. मी कुरकुरलो. तो ऐकत नव्हता.

चाकं चढली. त्याने स्टिअरिंगला दोऱ्याने एक पिवळं कार्ड बांधलं. पन्नास किलोमीटर चालवून परत या, बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत. असं कार्ड इथे सगळीच दुकानं देतात आणि ते घेऊन परत कुणी जात नाही. वेंडेलिनकडे मात्र सगळे जायचे. नाही गेलं तर तो फोन करायचा. "बोल्ट तुमचे आहेत, पण झोप माझी जाते."

त्या कार्डाची गोष्ट मला रोस्विताने सांगितली. दुसऱ्या वर्षीचा ऑक्टोबर होता. इथे सगळ्यांचा नियम 'ओ ते ओ': ऑक्टोबर ते ओस्टर्न. ओस्टर्न म्हणजे ईस्टर. एवढे महिने हिवाळी टायर. मी ते बसवायला गेलो होतो, आणि काम संपल्यावर तिने बटाट्याची धिरडी केली, सोबत सफरचंदाचा गर. वेंडेलिनने बिअरचा ग्लास माझ्या ग्लासला लावला आणि म्हणाला, "आता 'अहो क्राट्झ' पुरे झालं. वेंडेलिन म्हण. तू म्हण." इथे हे वयाने मोठ्या असलेल्यानेच म्हणायचं असतं. मी दोन वर्षं वाट बघत होतो.

"मला तर याने दीड महिन्यातच तू म्हटलं," रोस्विता म्हणाली.

ती ड्रायव्हिंग शिकवायची. अर्धं गाव तिच्या हाताखाली शिकलं. शिकाऊ माणसं टायर लवकर खातात, म्हणून ती या दुकानात यायची. पहिल्यांदा आली तेव्हा वेंडेलिन बापाच्या हाताखाली काम करत होता. त्याने कार्ड दिलं. पन्नास किलोमीटर झाले, ती आली, त्याने बोल्ट आवळले आणि म्हणाला, "आणखी पन्नास झाले की पुन्हा या." ती आली. तो म्हणाला, "आणखी एकदा बघायला हवं."

"मी जगाला गाडी शिकवणारी बाई," रोस्विता म्हणाली. "एकदाच आवळायचे असतात हे मला माहीत नव्हतं होय? तिसऱ्यांदा आले तेव्हा विचारलं, काय हो, सैल बोल्ट झालेत की तुम्ही?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय. कानापर्यंत लाल. खडूसुद्धा लाल दिसत होता."

वेंडेलिन धिरडं उलटायला उठला. धिरडं उलटायचं नव्हतं.

आयुष्यभर ती शेजारच्या सीटवर बसली. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग, हिच्या पायाखाली फक्त ब्रेक. म्हणून पस्तिशीत तिने स्वतःसाठी एक गाडी घेतली. गडद हिरवी सेडान, दिसायला शांत, पण अंगात वारं. रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की ती एकटी निघायची, डोंगरातली वळणं घेऊन दोन तासांनी यायची, आणि मग आठवडाभर कुणावर तिचा आवाज चढत नसे. वेंडेलिन त्या गाडीत कधी शेजारी बसला नाही. "तिथे तिला कुणी नको असतं," म्हणायचा. टायर मात्र दर दोन वर्षांनी बदलायचा, नेहमी मऊ.

तिच्या आजाराचं कळलं ते दोन वर्षांपूर्वी, शरदात. ऑपरेशन झालं. मग वर्षभर औषधं. गाडी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात आच्छादनाखाली उभी राहिली. टायर लाकडासारखे कडक झाले. यंदा जानेवारीत डॉक्टरने तिला गाडी चालवायची परवानगी दिली. घरी आल्या आल्या कोट न काढता ती म्हणाली, "टायर बसव. ओस्टर्नला मी चालवणार."

आणि दोन मिनिटांत टायर निवडणाऱ्या माणसाला टायर निवडता येईना.

फेब्रुवारी असाच गेला. मी शाळेतून येताना डोकावायचो. टेबलावर कंपन्यांची पुस्तकं पसरलेली, कॉफी थंड झालेली. नव्या टायरवर चिकटवलेल्या लेबलांवरचे आकडे तो पुन्हापुन्हा वाचायचा.

"अडलंय कुठे?" मी विचारलं.

"तिसऱ्या प्रश्नावर."

मला कळायला जरा वेळ लागला. मऊ टायर घ्यायचे म्हणजे तिला दोन उन्हाळे मोजून द्यायचे. कडक घेतले तर पाच-सहा. पण तिच्या गाडीला कडक टायर? पहिल्याच वळणावर ती ओळखणार. आणि ते का घेतले हेही ओळखणार.

"डॉक्टरला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाला, आकडा सांगता येत नाही." तो पुस्तक मिटून म्हणाला, "मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, टायरवालासुद्धा आकडा सांगतो."

मार्चमध्ये एकदा रोस्विता ऑफिसच्या दारात उभी राहिली. "काय रे, टायर घेतोयस की जावई शोधतोयस? ओस्टर्न यंदा लवकर आहे."

"बघतोय ना."

"बघू नकोस. बसव. मला रस्ता कळायला हवा पायाखाली. टायर माझ्यापेक्षा जास्त टिकला तर मला काय त्याचं कौतुक?"

वेंडेलिनने कानामागचा खडू काढला आणि तिथेच परत ठेवला.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मला सुट्टी होती. मी गेलो तेव्हा हिरवी गाडी उचललेली होती. चारही चाकं नवी. मी वाकून नक्षी बघितली. मऊ.

"म्हणजे ठरलं," मी म्हटलं. "दोन उन्हाळे."

"ते माझं मी बघेन," तो म्हणाला. बराच हलका दिसत होता. "तू कविता शिकव."

गाडी खाली आली. त्याने एकेक बोल्ट आवळला. वीस वेळा टक्. मी मोजले, कारण त्या वेळात तो बोलत नसे आणि दुसरं काही करायला नव्हतं. मग स्टिअरिंगला पिवळं कार्ड बांधलं. बायकोच्या गाडीलासुद्धा.

"रविवारी मिसा झाली की," तो म्हणाला. "तोवर गाडीला हात लावू देणार नाही. आणि या वेळी मी शेजारी बसणार आहे. विचारलंय तिला. हो म्हणाली."

त्या रात्री गावच्या घंटा रोमला गेल्या. पोरांना असं सांगतात. येशूच्या मृत्यूच्या शोकात शनिवारी रात्रीपर्यंत त्या वाजत नाहीत, आणि पोरं लाकडी खडखडे वाजवत गल्ल्यांतून वेळ सांगत फिरतात. शनिवारी सकाळी वेंडेलिन पाव आणायला गेला. बेकरीसमोरच्या बाकावर बसला आणि उठला नाही. बेकरीवालीने सांगितलं, बसायच्या आधी तो तिच्या गाडीपाशी वाकला होता आणि 'मागचा डावा' असं काहीतरी म्हणाला. मी पोचलो तेव्हा पोरं खडखडे वाजवत चालली होती. एरवी गावात माणूस गेला की घंटा होते. त्याच्यासाठी झाली नाही.

हे मला अजून नीट झेपलेलं नाही. आम्ही सगळे दुसऱ्याच कुणाच्या जाण्याची तयारी करत होतो.

त्याला पुरल्यावर आठवड्याभरात लोक आपापली उन्हाळी चाकं न्यायला येऊ लागले. वेंडेलिन ती हिवाळाभर नावं घालून फळ्यांवर ठेवायचा. रोस्विता यादी वाचायची, मी काढून द्यायचो. सर्वांत वरच्या फळीवर चार नवे टायर होते. काळ्या कापडात गुंडाळलेले. कापडावर खडूने लिहिलं होतं: रोस्विता. तिसरा उन्हाळा.

मी कापड सोडलं. गाडीला बसवलेलेच टायर, तीच नक्षी. आकडे वाचले. सहावा आठवडा, याच वर्षीचा. फेब्रुवारीचं बाळ.

"टायर म्हणजे वाईन नव्हे," हे त्याचं वाक्य गावात पोराटोरांना पाठ होतं. ठेवून ठेवून रबर मरतं. कंपनीकडून वर्षभर जुना टायर आला तर तो माल आणणाऱ्याला आत येऊ देत नसे. आणि याने दोन वर्षांनी लागणारे टायर आत्ताच आणून ठेवले होते.

मी रोस्विताला हाक मारली. ती शिडीखाली उभी राहिली, मान वर करून. अक्षर वाचलं. आधी हसली.

"गाढव," ती म्हणाली. "गावाला शहाणपण शिकवायचा."

"खाली काढू?"

"एक दे."

मी दिला. तिने अंगठ्याचं नख रबरात रुतवलं. काढलं नाही बराच वेळ.

"मऊ आहे," ती म्हणाली. "ठेव परत वर. कापड नीट गुंडाळ. ऊन लागू देऊ नकोस."

त्याच्या मरणानंतरची सहा आठवड्यांची मिसा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "कविराज, शेजारी बसायला माणूस हवाय. तोंड बंद ठेवणारा."

मी तोंड बंद ठेवलं. ती सरळ बसली, आरसा नीट केला, पट्टा ओढून बघितला, नवशिक्याला सांगावं तसं. मग आम्ही डोंगरात शिरलो. चढावर तिने गाडी मोकळी सोडली. वळणं आली आणि गाडी रस्त्याला धरून वळली, ओरडली नाही, सरकली नाही. तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर ती म्हणाली, "हं." एवढंच. पिवळं कार्ड स्टिअरिंगखाली डोलत होतं.

परतीच्या वाटेवर ती किलोमीटरच्या आकड्यांवर नजर ठेवून होती. खाणीच्या रस्त्याला लागलो तेव्हा म्हणाली, "पन्नास." आणि गाडी दुकानाच्या अंगणात घेतली. शटर खाली होतं. तिने सवयीने दोनदा हॉर्न दिला.

आम्ही बसून राहिलो. मग मी उतरलो, शटर वर केलं. मापाचा पान्हा त्याच्या खिळ्याला टांगलेला होता.

"मी आवळू?" मी विचारलं.

"तू? खिळा तरी सरळ ठोकलायस कधी?" तिने चष्मा काढून पुसला. "खालच्या गावातल्या दुकानात नेईन उद्या. आज नको."

तिने कार्डाची गाठ सोडली आणि ते माझ्या हातात दिलं. वर त्याचं अक्षर होतं: रोस्विता. चारही चाकं, मऊ. पन्नास किलोमीटरनंतर परत ये. त्याखाली छापलेलं: पुन्हा आवळले. आणि पुढे सहीसाठी रेघ, रिकामी.