धुक्याची मुखपृष्ठं आणि मायचा डावा डोळा

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही, हे आधीच सांगून टाकते. इथे लोक लिहितात ते अनुभव मी आवडीने वाचते, पण वाचून झालं की 'काहीतरी साधं कारण असणार' असं म्हणून मोकळी होते. आमच्या गावी, खाप्याच्या शाळेत, आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "आधी करून पाहा, मग बोला." ते मी अजून धरून आहे. या गोष्टीतही मी करून पाहिलं... पुन्हा पुन्हा पाहिलं. तरी बोलायला माझ्याजवळ काही नाही. म्हणून तुमच्यासमोर ठेवते.

आमचं घर विणकरांचं. बाबा माग चालवायचे, माय सुताच्या कांड्या भरून द्यायची. बाबा गेल्यावर ती स्वतः मागावर बसली, म्हणून मी कॉलेज पूर्ण करू शकले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. मायला मात्र अक्षरओळख नाही. सहीच्या जागी अंगठा.

मी नागपुरात एका लहान प्रकाशन संस्थेत पुस्तकांची मुखपृष्ठं करते. आमचे मालक साठवणे सर स्वभावाने फार चांगले, पण त्यांना धुक्याचं वेड आहे. रहस्यकथा असो की कवितासंग्रह, ते खुर्चीमागे येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "मॅडम, जरा धुकं टाका ना. धुकं पाहिलं की वाचकाले वाटते, आत काहीतरी हाय." एकदा शेळीपालनाच्या पुस्तकावरही टाकायला लावलं होतं. शेळी दिसेनाशी झाली तेव्हा कुठे थांबले!

हे धुकं कसं टाकतात ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मी बहुतेक वेळा माझ्याच फोनवरचा एखादा फोटो घेते — रस्ता, शेत, झाडं. त्यावर कॉम्प्युटरमध्ये पांढरा थर चढवते. हवं तिथे दाट, हवं तिथे विरळ. खालचं झाकलं जातं. छापून आल्यावर वाचकाला फक्त धुकं दिसतं.

गेल्या दिवाळीतच मायला मी नागपुरात, बेसाला माझ्याकडे आणलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्या डोळ्याने थोडं दिसायचं, डाव्याने जवळजवळ नाहीच. डॉक्टर म्हणाले, डावा पूर्ण पिकलाय, त्यातून उजेड आणि अंधार एवढंच कळत असेल. पण आधी उजव्याचं ऑपरेशन करू, त्याने लवकर नीट दिसेल, मग डाव्याचं.

ऑफिसातले छापून खराब झालेले कव्हरचे कागद मी घरी आणते. कागद जाड आणि गुळगुळीत असतो, स्वयंपाकघराच्या रॅकमध्ये डब्यांखाली छान बसतो. एका रविवारी दुपारी माय रॅक पुसत होती. डबे खाली काढलेले. मी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होते. ती तिथूनच म्हणाली, "काहून वं, या आंब्याखाली म्हैस कोणं बांधली?"

"कोणता आंबा?"

"हा काय. कागदावर."

तिच्या हातात एका रहस्यकथेचं कव्हर होतं. त्यावर एक कच्चा रस्ता आणि बाकी सगळं धुकं. आंबा नाही, म्हैस नाही.

मी हसले. म्हटलं, "माय, तुले वाटून राहिलं असन."

तिने कागद खाली ठेवला. "वाटणं अन् दिसणं मले समजते. मागावर तुटला धागा म्या डोयानं पाहून काढला हाय, वाटलं म्हून नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी त्या कव्हरची फाईल उघडली. पांढरा थर बाजूला केला... सावनेरच्या रस्त्यावर मीच काढलेला फोटो. उजव्या कोपऱ्यात आंबा. आंब्याखाली म्हैस.

फाईल मी घाईने बंद केली, खोटं कशाला सांगू. पण मग शाळेतल्या बाई आठवल्या. म्हटलं, थर थोडा विरळ राहिला असेल, काहीतरी पुसट छापून आलं असेल. कागद खिडकीशी धरून पाहिला, फोनने मोठा करून पाहिला. पांढरं. मग मी मुद्दाम दुसऱ्या फोटोचं एक कव्हर असं केलं की त्यातला एक भाग कापूनच टाकला आणि जागा कोरी पांढरी ठेवली. खाली काही उरलंच नाही. ते छापून घरी नेलं.

मायने ते हातात घेतलं, कापड पाहतात तसं तिरपं करून उजेडाकडे धरलं. "गिरणीचं शटर हाय. अर्ध उघडं. बाहीर एक बाई डब्यावर बसली."

कापलेल्या भागात तेच होतं. जरीपटक्याच्या बाजारातली पिठाची गिरणी.

डिसेंबरात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, फार छान झालं. पट्टी निघाल्यावर तिने आधी मला पाहिलं आणि म्हणाली, "केवढी वायली वं तू! जेवतं का नाही?" मग भिंतीवरची पाल पाहिली, मग माझ्या भांड्यांना लागलेली काजळी पाहिली, आणि घरात राहणं मुश्कील केलं.

डोळा पूर्ण बरा झाल्यावर मी तिला पुन्हा एक कव्हर दिलं. तिने पाहिलं आणि खांदे उडवले. "धुवारी हाय."

"आत काही?"

"नाही."

मला हायसं वाटलं, आणि वाईटही. एवढ्यात तिने स्वतःच उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. डाव्याने, त्या दुधासारख्या पांढऱ्या झालेल्या डोळ्याने, कागदाकडे पाहिलं. "आता दिसते," ती म्हणाली. "दोन पोट्टे सायकलचं टायर पयवून राहिले."

नंतर तो खेळच झाला. उजव्याने धुकं. डाव्याने धुक्यामागचं. एकदाही चुकली नाही.

अडचण अशी की डाव्याचं ऑपरेशन करायला ती तयार होईना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं — फार थांबलात तर डोळ्यात प्रेशर वाढेल, खूप दुखेल, आणि डोळा कायमचा जाईल. मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

"गेला तं गेला," ती भाजी निवडता निवडता म्हणाली.

"असं काय करतं माय? एक डोया घालवशीन?"

"हे पाय. तू एवढे पुस्तकं करतं. मले त्यातलं काय समजते? खाप्याच्या बाया इचारतात, तुही पोरगी काय करते वं? मी सांगतो, पुस्तकाचे कपडे शिवते. हासतात बाया. आता कुठं त्या पुस्तकावरचं मले काही दिसून राहिलं, तं तुले तेच काढून टाका लागते."

रागाच्या भरात मी माझ्या मनातलं कारण बोलून गेले. तोवर मी एवढं शोधलं होतं की ती सांगते ते सगळं मला आधीच माहीत असतं. फोटो माझेच. तेव्हा माझ्या चेहऱ्यावरून, आवाजावरून तिला नकळत काहीतरी कळत असेल. मनकवडी माणसं असतात, तसं. मी म्हटलं, "तुले कागदातलं दिसत नाही माय, तुले माह्या मनातलं समजते. त्याले डोया काहून पाह्यजे?"

तिचा हात थांबला. "म्हंजे ते माह्यं नाहीच? तुहंच हाय?"

"तसं नाही..."

"तसंच हाय." तिने भाजीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मंग असं आण, जे तुलेई मालूम नाही."

ती संधी जानेवारीत आली. चुलत बहिणीच्या हळदीसाठी मी एका दिवसापुरती खाप्याला गेले. दगदग नको म्हणून मायला शेजारच्या काकूंजवळ ठेवलं. सकाळी कन्हान नदीवर इतकं धुकं होतं की पाणी कुठे सुरू होतं तेही कळत नव्हतं. मी वरच्या रस्त्यावर उभी राहून फोनने फोटो काढला, कारण सर खूश होणार हे माहीत होतं. खरं धुकं! काही टाकायची गरज नाही. काठावर त्या दिवशी काय होतं, काय नव्हतं, मला स्वतःला दिसलं नाही. धुकं निवळायच्या आत मी हळदीच्या घरी परतले आणि संध्याकाळी नागपूरला निघाले.

सरांनी तो फोटो पाहिला आणि एका कादंबरीवर जसाच्या तसा घेतला. पहिलं कव्हर छापून आलं तेव्हा मी ते घरी नेलं. माय कणीक मळायला बसली होती. परातीत नुसतं पीठ, पाणी अजून घातलं नव्हतं.

तिने पिठाचा हात पदराला पुसला, उजव्या डोळ्यावर ठेवला. "नदी हाय," ती म्हणाली. "डोंगा पालथा घातला हाय काठावर."

डोंगा म्हणजे मासे धरणाऱ्यांची लहान नाव. मी मनात म्हटलं, त्यात काय, खाप्याच्या काठावर डोंगा असायचाच. जन्म तिथे गेला तिचा.

"त्याच्यावर काहीतरी काढलं हाय चुन्यानं."

"काय काढलं?"

"मले काय मालूम? अक्षरं असतीन."

"कशी दिसतात?"

ती कागदाकडे पाहत राहिली आणि दुसऱ्या हाताचं बोट परातीतल्या पिठातून फिरवू लागली. अक्षर काढतात तसं नाही, रांगोळी काढतात तसं. कुठलीही रेघ कुठूनही सुरू. काही खालून वर. मधेच थांबून पुन्हा कव्हर पाहायची. शेवटचं अक्षर तिने ओळीत न काढता खाली काढलं.

मी परात फिरवून माझ्याकडे घेतली. पिठात लिहिलेलं होतं — 'विकणे आ'. आणि त्याखाली एकटं 'हे'.

"काय हाय वं?" मायने विचारलं.

जिने आयुष्यात एक अक्षर काढलं नाही, तिने...

"सांगतो," मी म्हटलं. "आधी पाहून येतो."

पुढच्या सुट्टीला मी एकटीच खाप्याला गेले. स्वच्छ ऊन होतं. त्याच वरच्या रस्त्यावर, त्याच जागी उभी राहिले. खाली काठावर एक पालथा डोंगा होता. काळा, डांबर फासलेला. त्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. खरं सांगते, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. सापडलं कारण! मग उतार उतरून खाली गेले आणि डोंग्याला वळसा घालून पाण्याच्या बाजूला आले.

चुन्याने मोठ्या अक्षरांत — विकणे आ. आणि खाली, एकटं, हे.

बाजूला जाळं शिवत बसलेले म्हातारे गोमाजीकाका माझ्याकडे पाहत होते. ते आमच्या बाबांच्या ओळखीचे. "काय पायतं पोरी? घेतं का डोंगा?"

"काका, हे कवा लिवलं?"

"दिवाई झाल्यावर. गुडघे गेले आता, पाण्यात उतरणं होत नाही."

दिवाळी झाल्यावर. तेव्हा माय बेसाला माझ्या घरी होती. त्यानंतर ती खाप्याला आलेली नव्हती.

"पण पाण्याकडून काहून लिवलं? रस्त्यावरून तं दिसतच नाही."

"रस्त्यानं जाणारे डोंगा घेतीन का वं? ते मोटारसायकल घेतीन! डोंगा घेणारा पाण्यातूनच येते."

"अन् हे शेवटचं अक्षर खाली?"

"जागा सरली. तेवढ्यासाठी डोंगा लांब करू काय मी?"

ते आपल्याच विनोदावर हसत होते. मी तिथेच वाळूत बसले. धुकं नसतं तरी माझ्या फोनमध्ये ती अक्षरं आली नसती. मी रस्त्याकडून फोटो काढला होता आणि अक्षरांचं तोंड नदीकडे होतं. फोटोत नाही, माझ्या मनात नाही. मग मायने ते कुठून पाहिलं? कोणत्या बाजूला उभं राहून?

घरी आले तेव्हा माय दारातच होती. मी चप्पल काढायच्या आत म्हणाली, "निंघालं का काही?"

"निंघालं माय. तू काढलं तसंच. ते एक खाली हाय, ते पण."

"अन् तुले आधी मालूम नव्हतं?"

"नाही. मले दिसतच नव्हतं तिथून."

"काय लिवलं होतं?"

"विकणे आहे."

तिने ते दोन शब्द हळूच तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले. मग विचारलं, "म्हंजे मी वाचलं?"

मी म्हटलं, "हो माय. तू वाचलं."

ती आत गेली. चहा ठेवला. दोन कप घेऊन आली आणि समोर बसून म्हणाली, "उद्या डॉक्टरले फोन कर. काढून टाक म्हणा तो मोती. दुखून राहिला कालपासून."

डाव्या डोळ्याचं ऑपरेशनही चांगलं झालं. आता तिला सुईत दोरा ओवता येतो. धुक्याचं कव्हर दिलं, आलटून पालटून डोळे झाकायला लावले, तर दोन्ही डोळ्यांना फक्त धुकंच दिसतं. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं होतं. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "त्या डोळ्यातून त्यांना स्वतःचा हातसुद्धा दिसणं शक्य नव्हतं." याहून जास्त ते काही सांगू शकले नाहीत, आणि मीही नाही. कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. मी ते करून पाहीन.

परवा नवीन पुस्तक घरी आणलं. साठवणे सरांच्या आवडीचंच, दाट धुक्याचं. मायने हातात घेतलं, दोन्ही चांगल्या डोळ्यांनी नीट पाहिलं, आणि मला परत दिलं.

"धुवारी हाय नुसती," ती म्हणाली. "उघड आता, अन् आत काय हाय ते वाचून दाखव."