रडारची डबी

वर्लिन स्टेंपलची मोटरसायकल माझ्या दुकानामागच्या शेडमध्ये असते, हे कॉर्ली गावात दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मला. त्याची बायको लॉरीन समजून होती, की ती गाडी त्यानं केव्हाच ओहायोतल्या कुणाला तरी विकून टाकली.

वर्लिन आयुष्यभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करत आला होता. उंच, हाडकुळा, बोलायला कमी. दिवसभर तो ज्या बसगाड्यांखाली झोपायचा, त्या ताशी पन्नास मैलांच्या वर कधी गेल्या नसतील. म्हणून की काय कोण जाणे, स्वतः मोटरसायकलवर बसला की त्याला हळू जाताच यायचं नाही. आमच्या वेस्ट व्हर्जिनियातले रस्ते म्हणजे नुसती वळणं. डोंगर चढा, डोंगर उतरा. त्या वळणांवर वर्लिनला बघणं म्हणजे चांगल्या नाचणाऱ्याला बघणं होतं. दंडाच्या पावत्या त्याला तरुणपणापासून मिळत आल्या. त्या भरायच्या आणि विसरायच्या, एवढंच तो करायचा.

लॉरीन शाळेच्याच कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. जिभेनं तिखट, मनानं सरळ. मूलबाळ नव्हतं. मग तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. त्यांचं घर हिकरी खोऱ्यात अगदी वरच्या टोकाला, डायलिसिसचं सेंटर इथं कॉर्लीत, मध्ये अख्खा डोंगर. रुग्णांना न्यायला काउंटीची व्हॅन होती, पण सगळ्या काउंटीला मिळून ड्रायव्हर एकच. दोनदा ती उशिरा आली, एकदा बर्फात आलीच नाही. तेव्हा वर्लिननं नोकरी सोडली आणि आपल्या जुन्या पिकअपमधून तिला स्वतः आणू-नेऊ लागला.

पहिले काही महिने तो सेंटरच्या बाहेरच्या खोलीत बसायचा. दर वेळी चारेक तास. एके दिवशी दुकानात आला आणि स्टुलावर बसून राहिला. मोटरसायकली दुरुस्त करायचंच माझं दुकान, मी एका गाडीची चेन बदलत होतो.

"क्लीट," तो म्हणाला, "तिथं बसवत नाही रे. भिंतीपलीकडं तिचं रक्त नळीतून फिरतंय, आणि इकडं मी टीव्हीवर लोकांची घरं कशी सजवायची ते बघतोय."

"मग इथं येऊन बस."

"बसणंच नको झालंय."

मी शेडची किल्ली त्याच्या हातात दिली. तेव्हापासून लॉरीनला खुर्चीत बसवलं, नर्सनं सुई टोचली, की तो माझ्याकडं यायचा, गाडी काढायचा आणि पाइन रिज डोंगराच्या रस्त्याला लागायचा. ती सुटायच्या आधी परत. हेल्मेट काढल्यावर त्याचा चेहरा थोडा माणसात आलेला दिसायचा.

पण त्या वर्षात त्याला दोन पावत्या मिळाल्या, दोन्ही पाइन रिजवर. जुन्याही हिशेबात होत्याच. मोटार खात्यानं कळवलं, की आणखी एक पावती मिळाली तर परवाना निलंबित. म्हणजे पिकअपसुद्धा चालवता येणार नाही. म्हणजे लॉरीनला आणायला कोणी नाही.

मी त्याला म्हटलं, "वर्लिन, आता पुरे. गाडी झाकून ठेव."

त्यानं शेडची किल्ली मुठीत धरली. मग म्हणाला, "तो तासभर मला मिळाला नाही, तर एक दिवस मी तिला घरी सोडीन आणि पिकअप घेऊन दरीत जाईन. मला स्वतःची भीती वाटते, क्लीट."

चेष्टा करणारा माणूस नव्हता तो. मी डॉक्टरकडं जा म्हणालो, चर्चमधल्या पाद्र्याशी बोल म्हणालो. तो हो म्हणाला आणि त्यातलं काहीच केलं नाही. त्याऐवजी त्यानं रडार डिटेक्टर आणला.

सिगारेटच्या पाकिटाएवढी काळी डबी. आमच्याकडं तिला कायद्यानं मनाई नाही. शेजारच्या व्हर्जिनियात गेलात तर आहे. पोलीस रडारनं वेग मोजतात, त्याचा झोत रस्त्यावर लांबवर पसरतो, आणि पोलीस दिसायच्या कितीतरी आधी डबीला त्याचा सुगावा लागून ती ओरडायला लागते. मोटरसायकलवर वाऱ्यात तिचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून आम्ही दोघांनी मिळून हेल्मेटच्या कडेला एक बारीक लाल दिवा बसवला. डबीला काही लागलं की डोळ्याच्या कोपऱ्यात तो चमकायचा.

शुक्रवारी दुकानात जमणाऱ्या बाहेरगावच्या मोटरसायकलवाल्यांना ते बघून मजा वाटली. त्यातला एक म्हणाला, "बायकोपेक्षा बरी की रे ही. बायको नंतर बोलते, ही आधी सांगते."

सगळे हसले. वर्लिन हसला नाही. बायको या विषयावर तो कुणाबरोबरच हसत नव्हता.

ती डबी किराणा दुकानाच्या आपोआप उघडणाऱ्या दारालाही ओरडायची. नव्या मोटारी जवळून गेल्या तरी ओरडायची, कारण त्यांच्यातही बारीक रडार असतं. खरा इशारा कुठला आणि खोटा कुठला, हे ओळखायला वर्लिन शिकला. त्या उन्हाळ्यात डबीनं त्याला दोन-तीनदा तरी वाचवलं. दिवा चमकला की वेग उतरवायचा, पोलिसांच्या गाडीसमोरून सभ्य म्हाताऱ्यासारखं जायचं, पुढं वळणाआड पुन्हा सोडायची. परवाना वाचवायला आणलेली डबी, आणि तिच्याच भरवशावर तो पूर्वीपेक्षा जोरात जाऊ लागला. मी एकदा तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "आता कळतं ना मला, ते कुठं आहेत."

ऑक्टोबरात पानं झडत होती तेव्हा त्याला डेप्युटी टीटरनं पकडलं. शेरिफच्या ऑफिसातली तिशीची बाई, कामाला चोख. ती चर्चच्या फलकामागं गाडी लावून लेझरची बंदूक घेऊन उभी होती. लेझर रडारसारखा पसरत नाही. तो नेमका तुमच्यावर धरतात, आणि डबी ओरडते तेव्हा आकडा पोलिसाच्या हातात आलेला असतो. लाल दिवा चमकला आणि त्याच क्षणी वर्लिनला समजलं, की संपलं.

ती जवळ आली. आधी डबीकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"मिस्टर स्टेंपल, किती जोरात होता, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"इतकी घाई कसली?"

"माझी बायको डायलिसिसवर आहे. कॉर्लीत. आत्ता."

"कॉर्ली तर मागं राहिलं," ती म्हणाली. "तुम्ही उलट्या दिशेला चाललाय."

 त्यानं तिला विनवलं. गुडघे टेकायचेच बाकी ठेवले असं त्यानं स्वतः मला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पावती फाडली.

कोर्टात मी त्याच्याबरोबर गेलो होतो. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, तोही उलटसुलट बटणं लावून. बायकोला न्यायला दुसरं कोणी नाही, हे त्यानं जज्जांना सांगितलं. जज्ज वयस्कर होते, तुटक बोलणारे नव्हते.

ते म्हणाले, "मन थाऱ्यावर नव्हतं आणि वेग वाढला, असं तुम्ही म्हणाला असतात तर मी मानलं असतं. पण तुम्ही डबी विकत घेतली. हेल्मेटमध्ये दिवा बसवला. घरून निघतानाच तुम्ही ठरवून निघत होतात."

वर्लिन म्हणाला, "हो साहेब."

परवाना गेला. दुकानापर्यंत त्याला माझ्या गाडीतून आणलं. वाटेत तो एवढंच म्हणाला, "आता तिला सांगावं लागणार."

लॉरीननं मला नंतर सांगितलं, की तिला मोटरसायकलचा राग आला नाही, वेगाचाही नाही. ती म्हणाली, "मी त्या खुर्चीत पडून रोज एकच विचार करायची. बिचारा बाहेर बसलाय. माझ्यापायी त्याचा जन्म त्या खोलीत चाललाय. आता हे थांबवावं, मरून जावं, म्हणजे तो तरी सुटेल, इथपर्यंत माझं मन गेलं होतं, क्लीट. आणि हा डोंगरावर उडत होता. सांगितलं असतं तर मी खुशाल झोपले असते रे."

ती त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही. मग बोलायला लागली, कारण घरात दोघंच होती.

व्हॅन सुरू झाली. त्या महिन्यात दोनदा ती आली नाही. मला जमेल तेव्हा मी जायचो, पण हिकरी खोरं गाठून परत यायचं म्हणजे माझं दुकान अर्धा दिवस बंद. शेजारची घरं केव्हाच रिकामी झालेली. एका सोमवारी व्हॅन चुकली आणि बुधवारीही आली नाही. लॉरीनचे पाय सुजून चपलेत मावेनात, श्वास भरून यायला लागला. त्या बुधवारी वर्लिननं मला फोन केला असता तर मी गेलो असतो. त्यानं केला नाही. त्याला आता कुणाला काही मागायची लाज वाटत होती. त्यानं मोटरसायकलवरून काढून आणलेली ती डबी पिकअपच्या काचेला चिकटवली, लॉरीनला उचलून बसवलं आणि परवाना नसताना निघाला.

जन्मभर उडणारा तो माणूस त्या दिवशी मर्यादेपेक्षाही हळू चालला होता. मागच्या गाड्या हॉर्न देऊन पुढं जात होत्या. डबी प्रत्येक गाडीला ओरडत होती, आणि ती ओरडली की वर्लिन दचकून ब्रेक लावायचा. आता खरा आणि खोटा इशारा त्याला ओळखता येईना. 

डोंगर उतरताना डबी जी ओरडायला लागली ती थांबेचना. समोरून शेरिफची गाडी आली, त्यांच्या शेजारून गेली आणि आरशात वळताना दिसली.

"वर्लिन, थांब," लॉरीन म्हणाली.

"थांबलो तर तुझं आजही राहील."

"थांब म्हणते ना."

त्यानं वेग वाढवला. पिकअप थरथरायला लागली. लॉरीननं हात लांब करून डबीची वायर ओढून काढली. गाडीत एकदम शांत झालं. ती धापा टाकत म्हणाली, "मला या आवाजात मरायचं नाही. बाजूला घे."

त्यानं गाडी कडेला घेतली आणि डोकं स्टिअरिंगवर ठेवलं. डेप्युटी टीटर खिडकीशी आली. तिनं आत बघितलं. लॉरीनचे ओठ निळसर झाले होते.

"मिस्टर स्टेंपल, उतरा."

लॉरीन म्हणाली, "पोरी, तुला जे लिहायचं ते लिही त्याच्यावर. त्यानं चूक केलीय. पण माझा परवाना चालू आहे. चक्कर यायला लागली तेव्हापासून हात लावला नाही गाडीला, एवढंच. मला त्या बाजूला सरकव."

"तुम्हाला जमणार नाही, मॅडम. मी अँब्युलन्स बोलावते."

"अँब्युलन्स कॉर्लीहूनच येणार ना? येऊन परत जाईस्तोवर मी इथंच बसू? तुझ्या गाडीत जाळीमागं कोंबलंस तर जीव गुदमरेल माझा. सेंटर खाली दिसतंय."

खरंच, वळणावरून सेंटरचं छप्पर दिसत होतं. डेप्युटीनं एकदा रस्त्याकडं बघितलं, मग वर्लिनकडं. वर्लिन रस्त्याच्या कडेला उभा राहून रडत होता. ती म्हणाली, "माझ्या मागं या. हळूच. जमेनासं झालं तर दिवे लावा, मी थांबते."

मग लॉरीननं पिकअप चालवली. वर्लिन शेजारी बसून काहीतरी सांगायला गेला, तर म्हणाली, "तू गप बस. मला रस्ता बघू दे." पुढं शेरिफची गाडी दिवे लावून, मागं ही, चालत्या माणसाच्या वेगानं. सेंटरच्या दारात नर्स चाकाची खुर्ची घेऊन उभीच होती. डेप्युटीनं फोन केला होता.

लॉरीन आत गेल्यावर डेप्युटीनं वर्लिनवर गुन्हा नोंदवला. निलंबन आणखी वाढलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

त्यानंतर मी दोघांना हिकरी खोऱ्यात राहू दिलं नाही. माझ्या दुकानावरची खोली रिकामी करून दिली. तिथून सेंटर चालत जाण्यासारखं. वर्लिन तिला खुर्चीतून ढकलत न्यायचा आणि आता खरंच बाहेर बसायचा. ती आतून नर्सला विचारायची, "आहे का तो?" नर्स म्हणायची, "आहे." लॉरीन थंडीभर वरच्या खोलीत बकव्हीट नावाच्या आमच्याकडच्या काळपट धान्याच्या पोळ्या करून माझ्या गिऱ्हाइकांना खायला घालत राहिली, उभं राहवेनासं झाल्यावर स्टुलावर बसून. फेब्रुवारीत तिचं हृदय थांबलं. सेंटरमध्येच, खुर्चीत. या वेळी वर्लिन आत होता. नर्सनं त्याला आधीच बोलावून घेतलं होतं.

परवाना त्याला वसंतात परत मिळाला.

तो खाली शेडमध्ये आला आणि गाडीवरचं कापड काढलं. मी बॅटरी लावून दिली. तो पाइन रिजकडं गेला आणि माझ्या अंदाजापेक्षा खूप लवकर परत आला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. वरपर्यंत गेलो. मग समजेना, परत किती वाजता यायचं."

त्यानं हातमोजे काढून टाकीवर ठेवले. मी म्हटलं, वर चल, सूप आहे. तो म्हणाला, नंतर. आणि तिथंच गाडीशेजारी उभा राहिला.