आपला आहे रे

कुलूपवाल्याने कुत्रा पाळला तेव्हा सगळ्या गल्लीला विषय मिळाला. "स्वतःच्या कुलपांवर भरवसा नाही वाटतं!" जो तो दुकानात डोकावून म्हणायचा, आणि कानस खाली ठेवून सगळ्यांत मोठ्याने कुलूपवालाच हसायचा. काय करणार, हसं झालंच होतं. पिल्लू देणाऱ्याने बजावलं होतं, "राखणीची जात आहे, फार मोठी होते." त्यावर हा शहाणा म्हणाला, "होऊ दे की!" आणि लाडाने नाव ठेवलं बारक्या. आता बारक्या दारात आडवा झाला की दार लावायची गरज उरत नसे.

मालक कोण, हाही प्रश्न लवकरच निकालात निघाला. स्वतःच्या डोक्यावर विंचरण्याजोगं काही उरलं नसलेला हा गृहस्थ रोज सकाळी कुत्र्याचे केस विंचरत बसे. जेवल्यावर त्याला धावू द्यायचं नाही, पोटाला पीळ पडतो, म्हणून शेजारी बसून गप्पा मारी. "माझ्याजवळ कधी असे बसलात का हो?" बायको विचारायची. तेव्हा त्याला नेमकी एखादी किल्ली घासायची असे.

जनावर मात्र गुणी. उगाच भुंकणं नाही, चावणं तर नाहीच. परका आला की मध्ये उभं राहायचं, एवढंच. ओरडा, ओढा, ढिम्म हलायचा नाही. ही जात हुकमापेक्षा स्वतःच्या डोक्याने चालते. पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून मालकाने "आपला आहे रे" म्हटलं, की मालकाचं तोंड नीट न्याहाळून मगच बाजूला व्हायचा. दूधवाला आपला, टपालवाला आपला. बोलघेवड्या कुलूपवाल्याला सगळं जग आपलं होतं.

एक जावई सोडून. तो मोबाइलवर उघडणारी कुलपं विकायचा. लेकीने त्याच्याशी लग्न केलं तेव्हा, "किल्ली नसलेलं कुलूप विकणारा माझ्या घरात नको," असं कुलूपवाला बोलून बसला होता. लेक एकटीच यायची. पण काल फोनवर तिने सांगून टाकलं, "उद्या दोघं येतोय. तो बाहेर, तर मीही बाहेर. कायमची."

आणि आता दोघं पायरीवर उभी होती. बारक्या मध्ये.

'वा रे पठ्ठ्या!' कुलूपवाल्याला आधी बरंच वाटलं. मग लेकीचा चेहरा दिसला. त्याने बसल्या जागेवरूनच म्हटलं, "आपला आहे रे." बारक्या हलला नाही. कुलूपवाला कुरकुरत उठला, तापल्या तव्याला लावावीत तशी दोन बोटं जावयाच्या खांद्याला लावून पुन्हा म्हणाला. कुत्र्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथेच बैठक मारली.

"त्याला खोटं कळतं, बाबा," लेक म्हणाली आणि पायरी उतरायला वळली.

कुलूपवाल्याने जावयाचा खांदा घट्ट धरला. खांदा थरथरत होता. पोरगा घाबरला होता, तरी मागे सरला नव्हता.

"आपला आहे रे, बारक्या," तो म्हणाला, "आपलाच आहे."

बारक्या उठला, बाजूला झाला, आणि आत आलेल्या जावयावर सगळं अंग टाकून रेलला. लाळेची एक धार नव्या पँटवर उतरली.

"चावणार नाही ना?" जावयाने हळूच विचारलं.

"तो नाही चावत," कुलूपवाला डोळे पुसत म्हणाला. "या घरात चावणारा मीच."